पॅरिसचं तिकीट आणि हर्णैची गोष्ट

प्रश्न: ताई, मी दापोलीची. दोन शॉर्टफिल्म केल्यात, आता मोठी स्क्रिप्ट लिहून झालीये, हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात उभ्या राहणाऱ्या बायकांची, सगळी मराठीत. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ बघितला तर त्यामागे फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली, किती देश! मुंबई-रत्नागिरीच्या गोष्टीत तिकडची सरकारं पैसे का घालतात? मला मिळतील का? स्क्रिप्ट इंग्रजीत करू का? आणि एक जण म्हणतोय दीड लाख भर, युरोपचं फंडिंग मी आणून देतो.

उत्तर: अगं, आधी ते दीड लाखाचं. एक रुपया देऊ नकोस. या फंडांचे नियम, तारखा सगळं त्यांच्या वेबसाइटवर असतं, कुणीही वाचावं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने असेच पैसे भरले, हातात काय आलं तर त्याच वेबसाइटवरचा फॉर्म प्रिंट काढून.

आता पैसे का देतात ते. फ्रान्समध्ये थिएटरच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर असतो आणि तो सीएनसी म्हणजे त्यांच्या सिनेमाच्या सरकारी संस्थेकडे जातो, मग पिक्चर फ्रेंच असो नाहीतर हॉलिवूडचा. त्या संस्थेतून त्यांच्या सिनेमाला मदत होतेच पण २०१२ पासून ‘एद ओ सिनेमा द्यु मोंद’ नावाचा फंड बाहेरच्या देशांच्या सिनेमालाही पैसे देतो. म्हणजे पॅरिसमध्ये कुणी सुपरहिरोचा पिक्चर बघायला गेलं की त्यातले थोडे पैसे फिरत फिरत आपल्या कोकणातल्या गोष्टीपर्यंत येऊ शकतात. मला ही व्यवस्था फार आवडते, सिनेमा ही नुसती विकायची वस्तू नाही असं मानून कायद्यानेच केलेली सोय आहे ती.

पण ते दान नाही हं. तिथे फ्रेंच कंपनी सहनिर्माती असावी लागते आणि काही पैसे तिकडेच खर्च करावे लागतात, म्हणून साउंड मिक्सिंग, कलर ही कामं बऱ्याचदा तिकडे होतात. बर्लिन फेस्टिव्हलचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून आहे, त्यालाही जर्मन पार्टनर लागतो. तुझ्या टप्प्याला जवळचा म्हणजे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम फेस्टिव्हलचा ह्यूबर्ट बाल्स फंड, तो स्क्रिप्टसाठीच साधारण १०,००० युरो देतो. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ला स्क्रिप्टसाठी तिथूनच मदत झाली होती आणि तो पिक्चर मुख्यतः मराठीतच आहे ना.

त्यामुळे इंग्रजीत अजिबात करू नकोस. अर्जाला भाषांतर जोडावं लागेल तेवढंच, पिक्चरमधल्या बायका हर्णैसारखंच बोलू देत. मागे मी एक स्क्रिप्ट वाचली, त्यात आजी आपल्या नातीला हळदीकुंकू म्हणजे काय ते समजावून सांगते. कुठली आजी सांगते गं असं? परदेशी वाचणाऱ्याला कळावं म्हणून घातलेलं ते वाक्य, आणि तिथेच ती आजी खोटी झाली. तुझ्या स्क्रिप्टमध्ये लिलावाचे आकडे, बोली, शिव्या जशा आहेत तशा ठेव, समजावायचंय ते अर्जासोबतच्या पत्रात समजाव.

मालकीचं तू विचारलं नाहीस पण सांगते. फंड देणारा मालक होत नाही, सहनिर्माता मात्र करारात ठरेल तेवढा हिस्सा घेतो, तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. आणि कुणालाही पाठवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये स्क्रिप्ट रजिस्टर कर, ऑनलाइन होतं.

आपलं सरकारही आता यात आहे. भारत-फ्रान्स सहनिर्मितीचा करार आहे, जर्मनीशी २००७ चा आहे, आणि अशा अधिकृत सहनिर्मितीला इथे केलेल्या खर्चाचा काही भाग परत मिळायची योजनाही आहे. पार्टनर शोधायला मात्र तुला लांब जायला नको. एनएफडीसी म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) २००७ पासून नोव्हेंबरात गोव्यात भरतो, परदेशी निर्माते टेबल मांडून बसलेले असतात, थोडा थोडा वेळ मिळतो प्रत्येकाशी बोलायला. तिथे अख्खी गोष्ट सांगत बसू नकोस, लिलावाचा एकच सीन सांग. त्याआधी पहिली दहा पानं मला पाठव, मी वाचते.