पीएसयू (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) घेताना डब्यावरच्या वॉटला भुलू नकोस

अरे, आधी एक काम कर, पीएसयूच्या बाजूला जो स्टिकर असतो ना तो नीट वाच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवरच चालतात, त्यामुळे बघायचं तेवढंच. समजा डब्यावर मोठ्ठं ६०० वॉट लिहिलंय आणि स्टिकरवर १२ व्होल्टला ३२ अँपिअर, तर गुणाकार कर, झाले ३८४ वॉट, म्हणजे बाकीचं सगळं ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर खपवलंय जे तुला फारसं लागणारच नाही! चांगल्या युनिटमधे जवळपास पूर्ण पॉवर १२ व्होल्टवरच मिळते.

८० प्लस गोल्ड, ब्राँझ वगैरे जे रेटिंगचे शिक्के असतात ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतात, आतला माल कसा आहे ते नाही. मी तरी वॉरंटी बघतो, ७-१० वर्षं देत असतील तर कंपनीलाच भरवसा आहे असं समजायचं, आणि त्या नेमक्या मॉडेलचा लोड टेस्टवाला (पूर्ण भार टाकून तपासलेला) रिव्ह्यू शोध, कारण एकाच ब्रँडची एक सिरीज भारी आणि दुसरी भंगार असते.

वॉटेज उगाच १००० नको, ग्राफिक्स कार्डवाले सांगतात तेवढं बास.

आणि हो, मॉड्युलर (ज्याच्या केबल काढता-लावता येतात तो) घेतलास तर जुन्या पीएसयूच्या केबल चुकूनही लावू नकोस, सॉकेट बसतं पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते, मी आळस केला आणि एक चांगली एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) जाळून बसलोय.