उवा पुन्हा पुन्हा का होतात?

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची आहे. परमेथ्रिन लावल्यावर मेलेल्या उवा निघाल्या, पण दोन आठवड्यांत पुन्हा उवा दिसल्या. औषध बनावट होतं का?

मेलेल्या उवा निघाल्या म्हणजे औषधाने काम केलं. ते लावून आठ-बारा तास झाले तरी उवा तशाच तुरुतुरु पळत असत्या, तर मी औषध बदलायला सांगितलं असतं. इथे बहुधा दुसऱ्यांदा औषध लावायचं राहिलंय. परमेथ्रिनने जिवंत उवा मरतात, लिखा वाचतात. त्या सात ते दहा दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढच्या नऊ-दहा दिवसांत स्वतः लिखा घालायला लागतात. म्हणून साधारण नवव्या दिवशी पुन्हा औषध लावावंच लागतं. त्याआधी धुताना केसांना कंडिशनर लावू नका, औषध नीट लागत नाही. आणि त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघा. मोठ्यांची बघायची राहतात आणि उवा तिथूनच परत येतात.

औषधाइतकाच माझा भर फणीवर असतो. औषध लावायचं नसेल त्या दिवशी केस ओले करून भरपूर कंडिशनर लावा, गुंता सोडवा आणि बारीक दातांची धातूची फणी डोक्याच्या कातडीला टेकवून थेट टोकापर्यंत ओढा. दर वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसा. तिळाएवढा करडा-तपकिरी ठिपका हलला, की ती ऊ. कानामागे आणि मानेवर सर्वांत जास्त वेळ द्या. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे हे करा. कंटाळवाणं आहे खरं, पण याला पर्याय नाही.

उवा मेल्यावरही खाज काही दिवस राहते. नवव्या दिवशीचं औषध लावून झाल्यावर नुसत्या खाजेवरून पुन्हा औषध लावू नका, जिवंत ऊ दिसली तरच लावा.

प्रश्न: लिखा पूर्ण जाईपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नका, असं सांगितलंय. तो रडतोय.

त्याला पाठवा. पहिल्यांदा उवा झाल्यावर खाज सुटायलाच चार-सहा आठवडे लागू शकतात, म्हणजे लक्षात येईपर्यंत तो उवा घेऊन कितीतरी दिवस वर्गात बसलेला असतो. आता घरी ठेवून काय साधणार? शिवाय कातडीपासून सेंटीमीटरहून दूर गेलेल्या लिखा बहुतेक रिकाम्याच असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा नियमाच्या विरोधात आहे. उपचार सुरू करा आणि डोक्याला डोकं लावून खेळू नकोस, एवढं त्याला सांगा. उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. अस्वच्छतेशीही त्यांचा संबंध नाही, रोज न्हाणाऱ्या मुलांनाही होतात. हे त्याच्यासमोर बोला, म्हणजे त्याला लाज वाटणार नाही.

प्रश्न: रॉकेल लावलं तर? की सरळ टक्कल करावं?

रॉकेल अजिबात नको. पेट घेण्याचा धोका आहे, कातडी भाजते, वाफ छातीत जाते. टक्कल केल्याने उवा जातात, पण त्यासाठी मुलाचं मन दुखावण्याइतकं हे दुखणं मोठं नाही. खाजवून पू झाला, खपल्या धरल्या किंवा मानेत गाठी आल्या, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: गाद्या, सोफा यांवर कीटकनाशक फवारू का?

नको. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. गेल्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टोप्या, टॉवेल कडक गरम पाण्यात धुवा आणि फण्या त्याच पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा.