पेगन लग्नाला न्यायचं ते आहेर की भेट?

विचारणा अशी आहे: मुलीच्या ऑफिसमधलं एक जोडपं स्कॉटलंडमधल्या एडिंबरोजवळ पेगन पद्धतीने लग्न करतंय. आईवडील तेव्हा तिच्याकडेच असणार, म्हणून त्यांनाही बोलावणं आहे. शब्दकोशात ‘पेगन’चा अर्थ ‘मूर्तिपूजक’ दिसला, तेव्हा आहेर म्हणून गणपतीची मूर्ती न्यावी का? आणि सोबतच्या मराठी चिठ्ठीत ‘हँडफास्टिंग’ला, म्हणजे त्यांच्या हात बांधण्याच्या लग्नविधीला, काय म्हणावं?

मूर्तीचं जरा थांबवा. ती तुम्हाला शब्दकोशाने सुचवली आहे, त्या जोडप्याने नव्हे.

‘पेगन’चं मूळ लॅटिनमधलं ‘पागानुस’. ‘पागुस’ म्हणजे खेडं किंवा गावाकडचा मुलूख, आणि पागानुस म्हणजे तिथला रहिवासी. रोमन सैनिकांच्या बोलीत तोच शब्द ‘सैन्यात नसलेला, साधा नागरिक’ अशा अर्थानेही चाले. चौथ्या शतकाच्या सुमारास ख्रिस्ती लोक तो जुन्या देवांना धरून राहिलेल्यांसाठी वापरू लागले. गावाकडचे लोक मागे राहिले म्हणून, की ‘ख्रिस्ताचे सैनिक’ नसलेले म्हणून, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मूर्तीचा मात्र यात कुठेच संबंध नाही. ‘मूर्तिपूजक’ हा अर्थ बाहेरून बघणाऱ्यांनी चिकटवला, आणि तोही नाक मुरडून.

शब्दशः मराठी करायचं तर पागानुस म्हणजे ‘गावठी’. आपल्याकडे या शब्दाचंही पुढे भलं झालं. एके काळी गावठी म्हणजे अडाणी, आणि आज गावठी अंडी म्हटलं की दुकानदार भाव वाढवून सांगतो. पेगनचंही तसंच. विसाव्या शतकात, विशेषतः ब्रिटनमध्ये 1951 साली चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यावर, युरोपातले ख्रिस्तपूर्व देवधर्म पुन्हा जागवणारे काही लोक ही जुनी शिवी उचलून स्वतःलाच लावून घेऊ लागले. 2021च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे 74 हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला. उलटा प्रवास बघायचा असेल तर आपला ‘पाखंड’ घ्या. अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, आणि सगळ्या पंथांचा मान राखावा असं राजा सांगतो. आज कुणाला पाखंडी म्हणून बघा.

म्हणून चिठ्ठीत ‘पेगन’च लिहा. ‘पॅगन’ नको, इंग्रजी उच्चार ‘पे’चाच आहे. ‘पगान’ तर मुळीच नको, ते ब्रह्मदेशातलं देवळांचं गाव. ‘निसर्गपूजक’ हा शब्द गोड आहे आणि पुष्कळांना लागूही पडतो, पण सगळ्यांना नाही. कुणी ओडिन आणि थोर या उत्तर युरोपातल्या जुन्या देवांना मानतं, कुणी विक्का या आधुनिक चेटूकपंथाचं असतं, कुणी ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारं. मुलीला एवढंच विचारायला सांगा की तुम्ही यातले कोण. भेटीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल, आणि विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही.

आता हँडफास्टिंग. शब्द जुन्या नॉर्सकडून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेकडून आला आहे, हातावर हात देऊन बोली पक्की करणं या अर्थाचा. स्कॉटलंडमध्ये पूर्वी तो वाङ्निश्चयाला वापरत. आज दिसतो तो दोरीचा विधी विसाव्या शतकातल्या पेगनांनी रूढ केला: दोघं हातात हात घेतात, मनगटांभोवती रंगीत दोऱ्या गुंडाळतात आणि गाठ मारतात. ‘हस्तबंधन’ असं भाषांतर कुणीतरी सुचवेल, पण मला त्यात पोलीस आणि बेड्या दिसतात. ‘पाणिग्रहण’ जवळचं वाटलं तरी त्यात हात धरणं आहे, बांधणं नाही. आपल्याकडे शेल्याला उपरण्याची गाठ मारतात आणि त्यावरून आलेला ‘लग्नगाठ’ हा शब्द घरोघरी आहे. तो इथे चपखल बसतो. खुशाल ‘तुमच्या लग्नगाठीला’ असं लिहा.

‘सात जन्म’ मात्र लिहू नका. काही जोडपी ‘एक वर्ष आणि एक दिवस’ अशी मुदतीची गाठ बांधतात आणि पुढच्या वर्षी हवी तर पुन्हा बांधतात. ही प्रथा फार जुनी असल्याची समजूत अठराव्या शतकातल्या प्रवासवर्णनांतून पसरली. इतिहासकारांना ती पटत नाही, पण आजच्या पेगनांनी ती मनापासून उचलली आहे. वर्षाच्या बोलीवर बसलेल्यांना सात जन्मांचा आशीर्वाद म्हणजे जरा जास्तच. ‘नांदा सौख्यभरे’ उत्तम, त्यात देवही नाही आणि मुदतही नाही.

दोऱ्या बहुधा जोडपंच निवडतं, रंगांनाही त्यांच्या लेखी अर्थ असतो. काही जण पाहुण्यांना एकेक फीत आणायला सांगतात. तसं सांगितलं असेल तर खणाच्या काठाची पट्टी न्या, नसेल तर नको. विधी संपल्यावर दोघं केरसुणीवरून उडी मारतील कदाचित, तेव्हा दचकू नका. लक्ष्मीपूजनाला आपण जिला हळदकुंकू वाहतो आणि एरवी पाय लागला तर नमस्कार करतो, तीच तिथे नव्या घराचा उंबरठा होते.

वस्तूच न्यायची तर माझी पसंती पुण्याच्या तांबट आळीला. हाताने मठारलेलं तांब्याचं भांडं ज्याच्या त्याच्या देवघरात किंवा जेवणाच्या टेबलावर शोभतं. पण अशा लग्नांत पुष्कळदा मधापासून केलेलं ‘मीड’ हे मद्य एकाच पेल्यातून दोघं पितात. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी ‘क्वेख’ नावाचा दोन कानांचा वाडगा असतो. तांब्याच्या पेल्यात आंबूस पेय ओतायचं तर आतून कल्हई हवीच, नाहीतर भेट पोटाला बाधेल. कल्हईवाला गाठायला वेळ नसेल तर पितळेची छोटी समई न्या. अग्नी त्यांच्याही विधीत असतो. फक्त वर मोर-हंस नसलेली साधी बघा, आणि दोन वाती कापसाच्या. आणि मूर्ती? गणपती त्यांनी स्वतः मागितला तर जरूर द्या, हिंदू देवतांना मानणारे पेगनही भेटतात. न मागता दिलेला देव मात्र घरात कुठे ठेवायचा हा त्यांना घोर.

उरला ‘आहेर’. या शब्दाला वही चिकटलेली आहे: कुणी काय दिलं, त्याला परत काय द्यायचं, मानपानात कुठे कमी पडलं. ‘घरचा आहेर’ म्हणताना तर आपण टीकाच करतो. या वहीत त्या जोडप्याचं पान नाही, म्हणून ‘भेट’ म्हणा. पत्रिकेत वस्तूंची यादी दिली असेल तर तिच्यातलं काहीतरी घेणं सगळ्यात सोयीचं, तिथे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पाकीटच द्यायचं ठरलं आणि आपल्या सवयीने वर एक पौंड ठेवावासा वाटला तर तो बहुतेक नाण्याचाच असतो. आत चिकटपट्टीने चिकटवा, नाहीतर भर विधीत पर्समध्ये खुळखुळेल.