शास्त्रीय संगीताच्या विद्यार्थी-अंकात मांडणीचे कोणते संकेत पाळावेत आणि कोणते मोडावेत?

स्वरलिपीचे, म्हणजे स्वर कागदावर लिहिण्याच्या खुणांचे, संकेत मुळीच मोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली आणि तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर बिंदू असतो. ओळींमधले अंतर कमी पडले, तर खालच्या ओळीतला तार सप्तकाचा बिंदू वरच्या ओळीतल्या स्वराचा वाटतो आणि शिकणारा भलत्याच सप्तकात जातो. त्रिताल या तालाच्या 16 मात्राही (तालातली समान मोजमापे) चार-चारच्या विभागांत, एकाखाली एक नेमक्या जुळवूनच छापाव्यात.

मुखपृष्ठावर मोकळीक जरूर घ्यावी. तानपुरा घेतलेल्या बुजुर्ग गायकाच्या नेहमीच्या छायाचित्राऐवजी, रियाजाने घट्टे पडलेली एखाद्या सतार शिकणाऱ्या विद्यार्थिनीची बोटे पानभर छापावीत; अंकाचे नाव तेवढे वरच्या बाजूला, ठळकच राहू द्यावे.