दीक्षित की दिवेकर हे नंतर ठरव

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, तेव्हाच वाचला, पण उत्तर मुद्दाम निवांतपणे लिहितेय. चार महिन्यांत तीन डाएट झाली तुझी, कीटो (भात-पोळी जवळजवळ बंद), मग दोनदाच जेवायचं, मग तो सूपचा आठवडा, आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य, "मावशी, माझ्यात विलपॉवरच नाही." फार वाईट वाटलं गं वाचून. अगं पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली गेला ना, ते बरंचसं पाणी होतं. भात-पोळी बंद केली की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत येतो, त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं, मग चार घास वरणभात पोटात गेला की ते परत येतं आणि तू म्हणतेस सगळं वाया गेलं. काही वाया गेलेलं नसतं.

वजन उतरवायला डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात दर दोन तासांनी थोडंथोडं खा. आमच्याच घरात बघ, काकांना दोनदा जेवणं सहज जमलं कारण त्यांना सकाळी मुळात भूकच नसते, मी मात्र नाश्ता टाळला की अकरापर्यंत डोकं धरतं, सगळ्यांवर ओरडत सुटते आणि दुपारी हाताला लागेल ते खाते. म्हणून मी सकाळी खाते, ते खात नाहीत. दोघांचंही वजन उतरलं.

तर आधी दोन आठवडे कुठलंही डाएट धरू नकोस. एक वही कर, काय खाल्लं, किती वाजता, आणि तेव्हा खरंच भूक होती का. मी हे केलं तेव्हा मला वाटत होतं माझा शत्रू भात आहे, आणि वहीत सापडला चहा! दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी नुसत्या साखरेच्या, वर प्रत्येक कपाबरोबर दोन खारी. दुसरं तेल. तीन माणसांत महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा, भागून बघ, माणशी रोज 55 मिली, म्हणजे साडेचारशेच्या वर कॅलरी. मी भाजी कमी केली नाही, पोळीही सोडली नाही, फोडणीला कॅनमधून धार सोडायचे ती बंद करून पोह्याचा चमचा घेतला आणि चहा दोन कपांवर आणला. पहिले आठ दिवस भाजी कोरडी वाटली, मग झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायला लागले.

तुझं ते दुपारी चारच्या वडापावचं मला वाटतं डब्यात दडलंय. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, त्यात डाळ नाही, दही नाही, मग चारला भूक लागणारच, त्यात तुझा काय दोष? एक पोळी कमी कर आणि वाटीभर उसळ ने, काकडी ने. एवढं करूनही वडापाव खावासा वाटला तर खा, पण बसून खा, फोन बाजूला ठेवून.

गणपतीत मोदक खायचे, तूप घालून. जी पद्धत मोदकाला घाबरते ती तुला वर्षभर पुरणार नाही.

काट्यावर रोज चढू नकोस, आठवड्यातून एकदा पुरे. कंबर मात्र टेपने मोज, आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. माझे नऊ किलो जायला चौदा महिने लागले, मधे दिवाळीला दोन महिने काटा हललाच नाही. आणि पाळी अनियमित आहे म्हणालीस ना, मग थायरॉईड आणि पीसीओडीचं (अंडाशयाच्या त्रासाचं) डॉक्टरांना विचारून घे, ते माझ्या सल्ल्यावर ठेवू नकोस.

मटकी आज रात्री भिजत घाल, उद्या सकाळी उपसून फडक्यात बांध, परवाच्या डब्याला मोड येतील. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, खारी-बिरी लपवू नकोस हं.

तुझी मावशी