सीओए (पुरवठादाराचं तपासणी प्रमाणपत्र) बरोबर, तरी कॅटायन रेझिन (पाण्यातले धन आयन धरणारे प्लास्टिकचे मणी) का फुगतंय?

तुमचा प्रश्न: नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या डीएम (पाण्यातले क्षार काढणाऱ्या) प्लांटमध्ये, रेझिन पुन्हा ताजं करायला लागणाऱ्या एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक ॲसिड) पुरवठादार बदलल्यापासून रिन्स (ॲसिडनंतरची धुणी) लांबतोय, कॅटायन बेडचा (रेझिनच्या थराचा) प्रेशर ड्रॉप वाढतोय आणि सीओएवर मात्र ३० टक्के, सगळं ठीक.

सीओएवर जे तपासलं तेवढंच असतं. बहुतेक वेळा स्ट्रेंग्थ, लोह, सल्फेट. मोकळा क्लोरीन आणि सेंद्रिय अंश बऱ्याचदा त्या कागदावर नसतातच. म्हणून आधी विचारा, ॲसिड हायड्रोजन-क्लोरीन जाळून केलेलं की क्लोरिनेशनमधून निघालेलं बायप्रॉडक्ट? दुसरं स्वस्त पडतं, पण सेंद्रिय अंश त्यातच येण्याची भीती.

मोकळा क्लोरीन रेझिनचे क्रॉसलिंक (मण्यातल्या साखळ्या बांधून ठेवणारे दुवे) तोडतो. मणी मऊ पडतात, फुगतात, बेड दाबला जातो. हे नुकसान भरून येत नाही. लोहाचं तसं नाही, ते बऱ्याच अंशी १० टक्के ॲसिडच्या धुण्याने निघतं.

रंगावर जाऊ नका. पिवळेपणा लोहाचाही असतो, आणि पाण्यासारख्या स्वच्छ ॲसिडमध्येही सेंद्रिय अंश असू शकतात. पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा निळा रंगही फसवतो, कारण फेरिक लोहही तोच देतं. त्यामुळे ओला आयोडाइड-स्टार्च कागद द्रावात न बुडवता बाटलीच्या तोंडाशी वाफेत धरा. लोह वाफेत येत नाही. शेजारी लॅब ग्रेड ॲसिडवर तसाच कागद ठेवा आणि लगेच तुलना करा. उशीर केला तर हवेनेच निळा होतो. लोहासाठी वेगळा नमुना: दहापट सौम्य करा (ॲसिड पाण्यात, उलट नाही), हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब, मग अमोनियम थायोसायनेट. लाल झालं तर लोह आहे. पेरॉक्साइड टाळलात तर फेरस (लोहाचं दुसरं रूप, ते थायोसायनेटने लाल होत नाही) सुटून जाईल. याच सौम्य नमुन्यावर तवंग किंवा गोडसर वास आला तर टँकर उतरवू नका.

स्ट्रेंग्थ हायड्रोमीटरवर (घनता मापकावर) ठरवू नका. नागपूरच्या मे महिन्यात घनता कमी दिसते, विरघळलेल्या क्षारांनी ती वाढते. २ ग्रॅम ॲसिड वजन करून १ नॉर्मल कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) टायट्रेट करा. ३० टक्क्यांना साधारण १६.५ मिली लागतं.

नमुना टँकरच्या वरून आणि तळातून वेगळा घ्या, फेसशील्ड लावूनच. प्रत्येकी एक लिटर एचडीपीईच्या बाटलीत सील करून ठेवा, वाद झाला तर तोच कामी येतो.

आणि पुरवठादाराशी भांडण्याआधी फीड पाण्यातला क्लोरीन मोजा, कार्बन फिल्टर संपलेला असेल तर रेझिनची हीच गत होते. मग रेझिनची आर्द्रता उत्पादकाच्या डेटाशीटशी, त्याच आयनिक रूपात (हायड्रोजन किंवा सोडियम), ताडून पाहा; मणी किती फुगलेत ते त्यातून कळतं.