लसीका आणि रक्त

प्रश्न : रक्ताभिसरण असताना निराळी लसीकासंस्था कशाला? हत्तीरोगात पायच का सुजतो? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : हृदयाच्या दाबाने रक्त बंद वर्तुळात फिरते; पण केशवाहिन्यांतून (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून) झिरपलेल्या द्रवापैकी जो परत रक्तात शिरत नाही, तो (हीच लसीका), दिवसाकाठी सुमारे ३ लिटर, लसीकावाहिन्या गोळा करून गळ्याच्या तळाशी असलेल्या शिरांत सोडतात. लसीकेला स्वतःचे हृदय नसल्याने ती स्नायूंची हालचाल, वाहिन्यांचे आकुंचन आणि झडपा यांच्या आधाराने संथ सरकते. वाटेतल्या ग्रंथी जंतू गाळतात. हत्तीरोगाचे कृमी नेमक्या याच वाहिन्या निकामी करतात, आणि गुरुत्वाकर्षणामुळे द्रव बहुधा पायांत साठतो. या कृमींचा वाहक क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, तेव्हा न्हाणीचे पाणी माडाच्या आळ्यात तुंबू देऊ नये. कृमींची सूक्ष्म पिल्ले मात्र रक्तात, तीही मुख्यतः रात्री, फिरतात. म्हणूनच तपासणीसाठी रक्त रात्री घेतात.